दोष गायीचा की वळूचा? खानदेशातला गोठा, प्रयोगशाळेतला गिनीपिग आणि एका अदृश्य रोगाचा इतिहास

१/
गाय माजावर येते, तिला वळू दाखवला जातो. एकवीस दिवस निघून जातात, गाय शांत असते; घरात आनंद होतो की गाय फळली. मग तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी ती पुन्हा माजावर येते. 'उलटली' म्हणतात. पुन्हा वळू, पुन्हा तेच. वर्ष असेच भाकड गेले की गायीला 'वांझ' हे विशेषण चिकटते आणि तिला बाजाराची वाट दाखवली जाते. या साऱ्या प्रकरणात जनावरे दोन असतात. ठपका मात्र एकीवरच येतो. हा ठपका चुकीचा असू शकतो, हे कळायला विज्ञानाला विसाव्या शतकाचा मध्य गाठावा लागला. त्या शोधाची ही कथा.

२/
आधी दोन रोगांची ओळख करून घेऊ, कारण इतिहासात त्यांची बराच काळ गल्लत झाली. पहिला ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. तो मुख्यतः तोंडावाटे पसरतो: गाभडलेल्या गायीची वार, स्राव, त्यांनी दूषित झालेला चारा-पाणी. दुसरा जननेंद्रियांचा कॅम्पिलोबॅक्टेरिओसिस. जुन्या ग्रंथांत त्याचे नाव व्हिब्रिओसिस. हा खरा लैंगिक संसर्गाचा रोग. वळूकडून गायीला, गायीकडून वळूला. दोन्ही जिवाणूजन्य आणि दोन्ही वासराच्या मुळावर उठणारे.

३/
आता खानदेशाकडे येऊ. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड या जिल्ह्यावर निघाला, तेव्हा खानदेश एकसंध होता. १९०६ मध्ये त्याचे दोन भाग झाले: धुळे हे मुख्य ठाणे असलेला पश्चिम खानदेश आणि जळगाव हे ठाणे असलेला पूर्व खानदेश. तापीकाठची काळी, चिकट, खोल जमीन आणि तिच्यावरचा कापूस ही या मुलखाची संपत्ती. ही जमीन नांगरायची, तर तगडी बैलजोडी हवी. रेल्वेने कापूस मुंबईला नेला खरा. पण शेतापासून स्थानकापर्यंत तो बैलगाडीनेच जात होता.

४/
या प्रदेशाची स्वतःची गोवंशपरंपरा आहे. खिल्लार जातीचा एक प्रकार 'तापी खिल्लार' किंवा 'थिल्लारी' म्हणून ओळखला जातो: पांढरा रंग, गाजरी छटेची नाकपुडी, तशाच छटेचे खूर. सातपुड्याच्या रांगांत कळप राखणारे व्यावसायिक पशुपालक त्याची पैदास करत. इथे गाय दुधासाठी कमी आणि गोऱ्ह्यासाठी जास्त पाळली जाई. गाय एक वर्ष रिकामी राहिली, तर पुढे तीन-चार वर्षांनी जुवाला लागणारा एक बैल कमी होई. १८९९-१९०० च्या, म्हणजे 'छप्पन्नच्या' दुष्काळात चाऱ्यावाचून जनावरे मेली. त्यानंतरच्या काळात तर उरलेल्या प्रत्येक गायीच्या कुशीला मोल होते.

५/
आणि वळू? तो बहुधा गावाचा असे. कुणाच्या श्राद्धकर्मात वृषोत्सर्ग करून सोडलेला किंवा देवाच्या नावाने सोडलेला पोळ गावभर फिरे, कुणाच्याही शेतात तोंड घाली आणि कुणी त्याला मारत नसे. गावातल्या बहुतेक गायी त्याच्याकडूनच फळत. सामाजिक दृष्टीने ही सुंदर व्यवस्था होती: ज्याच्याकडे वळू पोसण्याची ऐपत नाही, त्याच्या गायीलाही वळू मिळे. रोगाच्या दृष्टीने मात्र हा एकच वळू म्हणजे गावातल्या साऱ्या गोठ्यांना जोडणारा धागा होता.

६/
याच मुंबई इलाख्यात, पुण्याच्या सायन्स कॉलेजात, १८८९ मध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी भारतातली ही आद्य संस्था. आजच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचे मूळ तिच्यात आहे. तिची सूत्रे आल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे होती. अतिसंसर्गजन्य रोगांवर काम करायला थंड आणि एकाकी जागा हवी म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तिथे जाऊन आले.

७/
या प्रयोगशाळेपुढे पहिला शत्रू होता बुळकांड्या. त्यापाठोपाठ फाशी, सर्रा असे रोग होते. हे स्वाभाविकच होते. बुळकांड्याने गोठेच्या गोठे ओस पडत. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून एक गोष्ट टिपायला हवी. मेलेल्या जनावराची नोंद होते. न जन्मलेल्या वासराची होत नाही. वंध्यत्वाचा रोग गायीला मारत नाही, तापाने फणफणवत नाही, तोंडाला फेस आणत नाही. म्हणून तो सरकारी अहवालातही दिसत नाही आणि शेतकऱ्याच्या बोलण्यातही 'नशीब' या शब्दाआड दडून जातो.

८/
असा अदृश्य रोग दृश्य करायचा, तर साक्षीदार हवा. ही साक्ष दिली गिनीपिगने. हा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेला कृंतक. सोळाव्या शतकात तो युरोपात आला. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचा जिवाणू सिद्ध केला, त्यात गिनीपिगचा मोठा वाटा होता. लहान, शांत, पाळायला स्वस्त आणि कित्येक जंतूंना चटकन बळी पडणारा. गायीचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा, गिनीपिगचा सुमारे ६८ दिवसांचा. संशोधकाच्या दृष्टीने हा वेळेचा प्रचंड लाभ होता.

९/
ब्रुसेलोसिसच्या शोधात ही साक्ष निर्णायक ठरली. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक जंतू वेगळा केला. बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये डेन्मार्कमध्ये गायींच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतू शोधला. पुढे १९११-१२ च्या सुमारास अमेरिकेत श्रोडर आणि कॉटन यांनी, तसेच थिओबाल्ड स्मिथ आणि फेबियन यांनी गिनीपिगवर प्रयोग केले. वरून धडधाकट दिसणाऱ्या गायीचे दूध गिनीपिगला टोचले, की काही आठवड्यांनी त्याच्या प्लीहेत, यकृतात गाठी दिसू लागत. गाय निरोगी आहे असे डोळा सांगत होता. गिनीपिगची प्लीहा वेगळे सांगत होती.

१०/
१९१८ मध्ये ॲलिस इव्हान्स यांनी दाखवले की माल्टाच्या तापाचा जंतू आणि बँग यांचा गर्भपाताचा जंतू निकटचे नातेवाईक आहेत. म्हणजे गायीचा रोग माणसालाही होऊ शकतो. दूध तापवूनच वापरा, असे त्या सांगत होत्या. अनेक मान्यवरांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. पुढे प्रयोगशाळेत काम करताना त्यांना स्वतःलाच हा संसर्ग झाला आणि त्यांनी तो वर्षानुवर्षे सोसला.

११/
याच कथेत एक विलक्षण योगायोग आहे. १९२३ मध्ये जॉन बक यांनी एका जर्सी गायीच्या दुधातून ब्रुसेलाचा एक वाण वेगळा केला. तो वर्षाहून अधिक काळ प्रयोगशाळेत साध्या तापमानात पडून राहिला. नंतर तपासला, तेव्हा त्याची मारकता ओसरली होती, पण संरक्षण देण्याची शक्ती शाबूत होती. हाच 'स्ट्रेन १९'. शंभर वर्षे होऊन गेली, तरी कालवडींना टोचली जाणारी प्रमुख लस हीच आहे.

१२/
तरीही गिनीपिगच्या साक्षीला मर्यादा होत्या, आणि त्या समजायला १९६२ उजाडले. ब्रिटिश संशोधकांनी दाखवले की गाभण गायीच्या गर्भाशयात एरिथ्रिटॉल नावाची एक शर्करासदृश वस्तू असते आणि ब्रुसेलाला ती अतिशय आवडते. म्हणून तो जंतू नेमका तिथे फोफावतो आणि गाभ पडतो. गाय, मेंढी, शेळी, डुक्कर यांच्या वारेत हे द्रव्य आढळते; गिनीपिगच्या, उंदराच्या किंवा माणसाच्या वारेत नाही. 'जंतू आहे का?' या प्रश्नाचे उत्तर गिनीपिग चोख देत होता. 'गाभ का पडतो?' या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शरीरात नव्हतेच.

१३/
आता दुसरा रोग, आपल्या कथेचा गाभा. १९१३ मध्ये ब्रिटनमध्ये मॅकफॅडियन आणि स्टॉकमन यांनी मेंढ्यांच्या गर्भपातात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू नोंदवला. १९१८ मध्ये थिओबाल्ड स्मिथ यांना तसाच जंतू गायींच्या गर्भवेष्टनांत सापडला. पुढच्या वर्षी स्मिथ आणि टेलर यांनी त्याला 'व्हिब्रिओ फीटस' असे नाव दिले. या नावातच गर्भ होता. त्यामुळे सुमारे तीस वर्षे हा जंतू गर्भपाताचे आणखी एक, काहीसे दुय्यम कारण म्हणून ओळखला गेला. गर्भपात गायीला होतो. तेव्हा लक्षही गायीवरच राहिले.

१४/
दृष्टी बदलली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९४९ मध्ये मांडले की कळपांत साथीसारखे पसरणारे वंध्यत्व याच जंतूमुळे येते आणि तो वळूमार्फत पसरतो. गर्भपात हे त्याचे क्वचित दिसणारे टोक होते. खरा घाला त्याआधीच, गाय गाभण आहे हे कुणाला कळण्यापूर्वीच, पडत होता.

१५/
यंत्रणा अशी. जंतू वळूच्या शिश्नावरच्या आणि त्यावरील आवरणाच्या त्वचेच्या सूक्ष्म घड्यांत राहतो. वळूला ना ताप, ना सूज. वीर्यही उत्तम दिसते. वय वाढते तसतशा घड्या खोल होतात आणि प्रौढ वळू दीर्घकाळ वाहक राहतो. संयोगातून जंतू गायीच्या गर्भाशयात जातो. गर्भधारणा होते, पण दाह झालेल्या गर्भाशयात कोवळा भ्रूण टिकत नाही, शरीरात विरून जातो. म्हणूनच गाय एकविसाव्या दिवशी न येता उशिरा, अनियमितपणे माजावर येते. पहिल्या भागातल्या 'तिसाव्या-पस्तिसाव्या दिवसा'चे कोडे हे असे आहे. ती वांझ नसते. तिच्या पोटी गर्भ राहून गेलेला असतो.

१६/
आणखी एक बाब. काही महिन्यांत बहुतेक गायींची प्रतिकारशक्ती जागी होते आणि त्या पुन्हा गाभण राहू शकतात. म्हणजे 'वांझ' ठरवून विकलेली गाय पुढच्या धन्याच्या गोठ्यात व्यायची शक्यता असते, आणि कधी कधी ती जंतूही सोबत नेते. इकडे पहिल्या गावात वळू तोच राहतो. नवी कालवड येते, तीही उलटते, तिलाही दोष लागतो.

१७/
इथेही प्रयोगशाळेने गिनीपिगला हाक दिली. गाभण गिनीपिगच्या उदरात जंतू टोचला तर गर्भपात होई. कोंबडीच्या फलित अंड्यातला भ्रूणही मरे. जंतूचा उग्रपणा सिद्ध झाला. पण टोचणीने उदरात सोडलेला जंतू आणि संयोगातून आलेला जंतू यांत फार अंतर आहे. उंदरीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे, गिनीपिगचे सुमारे सोळा दिवसांचे, गायीचे एकवीस दिवसांचे. ज्या जंतूचे घरच गोवंशाच्या जननमार्गात आहे, तो या छोट्या प्राण्यांत गायीसारखा मुक्काम करत नाही. वळूची मूक वाहकता तर त्यांच्यात उभीच करता येत नाही.

१८/
मग संशयित वळू ओळखायचा कसा? संशोधकांनी जुना, खर्चिक, पण खात्रीचा मार्ग धरला: कुमारी कालवड. जिला वळू कधीच दाखवलेला नाही अशी कालवड घ्यायची, संशयित वळूच्या आवरणाचे धावन तिच्या जननमार्गात सोडायचे आणि पुढचे काही आठवडे तिचा श्लेष्मा तपासायचा. या रोगाचे खरे प्रयोगप्रतिमान स्वतः गायच ठरली. गिनीपिगचा खर्च मुठीत मावणारा, कालवडीचा मात्र गोठ्याएवढा. हा रोग गरीब देशांत दीर्घकाळ अलक्षित राहिला, त्यामागे हेही एक कारण आहे.

१९/
लहान प्राणी निरुपयोगी ठरले असे मात्र नव्हे. दरम्यान जंतूचे नावही बदलले: १९६३ मध्ये सेबाल्ड आणि व्हेरों यांनी त्याला 'कॅम्पिलोबॅक्टर' या नव्या प्रजातीत घातले. १९७५ मध्ये लिनेट कॉर्बाइल, विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालवडींमध्ये पाहिले की संसर्ग चालू असताना जंतू आपले बाह्यरूप बदलत राहतो. शरीर एका रूपाविरुद्ध शस्त्र घडवते, तोवर तो दुसरे रूप घेतो. १९९० मध्ये पेई आणि ब्लेझर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की जंतूच्या अंगावरचा प्रथिनांचा थर हे त्याचे चिलखत आहे. थर असलेला वाण घातक, थर नसलेला दुबळा. वेशांतर कालवडीत दिसले, चिलखताचे मोल उंदरात. दोन साक्षी जोडल्या, तेव्हा चित्र पुरे झाले.

२०/
आता भारतात परतू. वसाहतकाळात वळूचा विचार झालाच नाही, असे नाही. १९२६ मध्ये नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ मध्ये अहवाल दिला. अध्यक्ष होते लिनलिथगो. मुंबई इलाख्यात १९३३ मध्ये पशुधन सुधारणेचा कायदा झाला: निकृष्ट वळूंच्या पैदाशीला परवाना आणि खच्चीकरण यांद्वारे आळा घालण्यासाठी. १९३६ मध्ये व्हाइसरॉय झाल्यावर लिनलिथगो यांनी जातिवंत वळू दान करण्याचे आवाहन केले. सारा भर वंशावर, बांध्यावर होता. देखणा, उमदा, जातिवंत वळू रोगाचा वाहक असू शकतो, ही कल्पनाच त्या काळी उपलब्ध नव्हती.

२१/
सुटका आली ती वळू आणि गाय यांना एकमेकांपासून दूर ठेवण्यातून. १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी भारतातले पहिले कृत्रिम रेतन यशस्वी केले. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला 'बाएफ' स्थापन केली आणि गोठीत रेतन खेड्यापर्यंत पोहोचवले. पण हे साधन दुधारी आहे. नैसर्गिक संयोगात वळू गावापुरता. रेतनात एका वळूचे वीर्य हजारो गायींपर्यंत जाते. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्येही हा जंतू तग धरू शकतो. १९४० च्या दशकाअखेर वीर्यात प्रतिजैविके मिसळण्याची पद्धत रूढ झाली. आज रेतन केंद्रांतल्या वळूंची क्षय, ब्रुसेलोसिस, ट्रायकोमोनिआसिस यांच्याबरोबर कॅम्पिलोबॅक्टरसाठीही तपासणी करावी लागते.

२२/
हे सारे जळगाव-धुळ्याला का ठाऊक असावे? एक तर, जिथे रेतनसेवक वेळेवर पोहोचत नाही, तिथे वळू आजही फिरतो. दुसरे, हा जंतू अत्यंत नाजूक. त्याला हवेतल्यापेक्षा खूपच कमी प्राणवायू लागतो. खास माध्यमात ठेवला नाही, तर काही तासांत तो नमुन्यातच मरतो. पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात सातपुड्याच्या पायथ्याहून निघालेला साधा नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत काय उरेल? नळीत जंतू सापडला नाही, म्हणून वळू निर्दोष ठरत नाही.

२३/
तिसरे कारण माणसाचे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस देण्याचे ठरले. त्या लशीतला स्ट्रेन १९ म्हणजे अकराव्या भागातल्या त्या विसरलेल्या नळीचा वंशज. लशीचा दर्जा आजही उंदरांवर पारखला जातो. गाय गाभडली की उघड्या हाताने वार ओढणारा गुराखी, गोठा झाडणारी बाई, कच्चे दूध पिणारे मूल यांच्यासाठी ही लस तितकीच महत्त्वाची. अंग मोडून येणारा, महिनोन्महिने चढणारा-उतरणारा ताप कधी कधी गोठ्यातूनच आलेला असतो.

२४/
या ज्ञानाची किंमत कुणी मोजली, हेही नोंदले पाहिजे. गिनीपिग, उंदीर, फलित अंडी, कालवडी यांतल्या एकाचेही नाव कुठल्या अहवालात नाही. भारतात १९६० च्या कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली आणि १९९८ च्या नियमांनी ती काटेकोर केली. प्रयोग आवश्यक आहे का, कमी प्राण्यांत भागेल का, हे आता आधी विचारावे लागते. कॅम्पिलोबॅक्टरची कथा त्यात एक प्रश्न जोडते: निवडलेला प्राणी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो का? देऊ शकत नसेल, तर त्याचा जीव व्यर्थ जातो.

२५/
इतिहासाची साधनेही अशीच असतात. गॅझेटिअर कापसाचे आकडे सांगते, दुष्काळाचा अहवाल मेलेली गुरे मोजतो. गावच्या वळूमागे उलटत राहिलेल्या गायींबद्दल दोन्ही गप्प. ती नोंद आजी-आजोबांच्या बोलण्यात असेल. आपल्या गावी देवाचा पोळ होता का? त्याला कोण सोडत असे, कोण पोसत असे? 'गाय उलटते' यासाठी अहिराणीत, लेवा बोलीत कोणते शब्द आहेत? घरी विचारा आणि इथे खाली लिहा. आणि गोठ्यातली एखादी गाय पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर तिला बाजारात नेण्यापूर्वी पशुवैद्याला एवढेच विचारा: वळू तपासला का?